कुटुंबप्रमुखाची एक सही आणि घरातले पाच हात

वाचकाचे पत्र

मी गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात राहतो. आम्ही गोंड समाजाचे. तीन एकर धानाची शेती आहे, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपाने वेचून जोड मिळते. माझी धाकटी मुलगी १५ वर्षांची आहे, तिला सिकलसेल आहे. मोठी २२ वर्षांची, तपासणीत ती वाहक निघाली. मुलगा नागपूरला शिकतो, त्याची तपासणी झालेली नाही. मागच्या महिन्यात शहरातल्या एका संशोधन संस्थेची माणसे गावात आली होती. आमच्या समाजाच्या जनुकांचा नकाशा करायचा आहे, त्यासाठी घरातल्या पाचही जणांचे रक्त पाहिजे, असे ते म्हणाले. चार पानांचा इंग्रजी कागद देऊन गेले. कुटुंबप्रमुखाची सही पुरते, असे त्यांच्यासोबत फिरणाऱ्या गावातल्या माणसाने सांगितले. धानाची कापणी झाल्यावर ते परत येणार आहेत. मुलगा म्हणतो, देऊ नका. मोठीच्या सोयरिकीची बोलणी सुरू आहेत, तेव्हा घराचे आणि समाजाचे नाव खराब होईल, अशी मला भीती वाटते. आजार माझ्या बायकोच्या माहेराहून आला असे माझे नातेवाईक बोलतात, त्यामुळे ती रक्ताचे नाव काढले तरी रडते. आणि धाकटी विचारते, “बाबा, माझं रक्त घेतलं त माझं दुखणं थांबन का?” मी काय करावे?

उत्तर

भाऊ, जय सेवा.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या आधी मी तुमच्या पत्नीच्या रडण्याविषयी लिहिते, कारण घरातला तो सल निघाल्याशिवाय बाकीचे बोलणे कोणाच्या कानात शिरणार नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार एकट्या आईकडून येत नाही आणि एकट्या बापाकडूनही येत नाही. प्रत्येक माणसाकडे हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. धाकटीच्या दोन्ही प्रती सदोष आहेत, म्हणजे त्यांतली एक तिला तुमच्याकडून मिळालेली आहे. तुम्ही दोघेही वाहक असणार, म्हणजे दोघांकडेही एक प्रत सदोष आणि एक चांगली, त्यामुळे स्वतःला आजार नाही. दोन वाहकांच्या संसारात प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्णपणे सुटण्याची चारात एक असते, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी हा हिशेब नव्याने मांडला जातो. हे तुमच्या भावांना, चुलत्यांना तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या पत्नीने सांगितले तर ती सारवासारव वाटेल, तुम्ही सांगितले तर तिच्यावरचा आळ उतरेल.

सिकलसेलची समुपदेशक म्हणून मी पूर्व विदर्भातल्या गावांमध्ये बरीच वर्षे फिरले आहे, म्हणून तुमच्या घरी झालेली तपासणी आणि आता होऊ घातलेले संशोधन यांतला फरक आधी स्पष्ट करते. आशाताईंच्या सोबतीने आलेल्या तंत्रज्ञाने बोटाला टोचून थेंबभर रक्त एका छोट्या नळीतल्या द्रावणात टाकले असेल आणि थोड्या वेळाने ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदासमोर धरली असेल. नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही, आणि द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे मात्र ती नळी सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी करावी लागते. सगळे मिळून प्रश्न एकच असतो आणि त्याच्या उत्तराचा उपयोग तपासलेल्या माणसालाच होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची जी तपासणी हाती घेतली, ती याच प्रकारची आहे. ती जरूर करून घ्यावी, आणि तुमच्या मुलानेही दिवाळीला घरी आल्यावर करून घ्यावी. तो ठणठणीत असेल तर चारांतली आजाराची एक शक्यता वगळली जाते आणि उरलेल्या तिन्हींत वाहक असण्याच्या दोन राहतात, म्हणजे शक्यता तीनात दोन आहे.

जनुकांचा नकाशा करणारे लोक तुमच्या रक्तातली सगळीच अक्षरे वाचून घेतात. माणसाच्या पेशीतल्या जनुकीय मजकुराच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ती पहिल्यांदा वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी काही अवघड भाग वाचून व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. धाकटीचे सारे दुखणे त्या ३०० कोटींपैकी अकराव्या गुणसूत्रावरच्या एका अक्षराच्या बदलातून आलेले आहे. ‘ए’च्या जागी ‘टी’ एवढाच तो बदल आहे, पण त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तिच्या तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि थंडीच्या रात्री तिचे हातपाय धरतात.

मग एकच अक्षर ठाऊक असताना बाकीची कशाला वाचायची, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, तेच अक्षर बदललेल्या दोन मुलांपैकी एक मूल वर्षाकाठी एखाद्या वेळी आजारी पडते आणि दुसऱ्याला दर महिन्याला दवाखान्यात न्यावे लागते. हे का घडते, त्याचे उत्तर त्या अक्षरात मिळत नाही, इतर जनुकांत शोधावे लागते. अनेक माणसांचे जनुकीय नकाशे एकमेकांशी ताडून पाहताना २००८ च्या सुमारास संशोधकांना बीसीएल-११-ए नावाच्या जनुकाचा धागा लागला. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर ते हळूहळू बंद होते. ते बंद करण्यात या जनुकाचा मोठा हात असतो. त्याला अडवले की बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. याच शोधावर उभ्या राहिलेल्या जनुक-दुरुस्तीच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून रक्त देऊन काय होते, या प्रश्नाला ‘काहीच होत नाही’ असे उत्तर देता येणार नाही. शिवाय आजवर जगात वाचले गेलेले बहुतेक नकाशे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्या देशाने जीनोम इंडिया प्रकल्पातून ८३ समाजगटांतल्या १०,००० लोकांचे नकाशे तयार केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुले केले, ही त्या दिशेची सुरुवात आहे. आपल्या जंगलपट्ट्यातली माणसे त्या नकाशात नसतील, तर त्यावरून निघणारी औषधे आपल्याला नीट लागू पडतील की नाही, हे कोणी तपासणारही नाही.

तरीही तुमच्या मुलाचा नकार मला अविचारी वाटत नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात मधुमेह फार होता, म्हणून १९९० पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त नेले. लोकांनी मधुमेहाचे उत्तर मिळेल या आशेने हात पुढे केले. पुढे त्यांना कळले की, तेच रक्त मानसिक आजारांच्या, आपसातल्या लग्नसंबंधांच्या आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याच्या अभ्यासासाठीही वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो, असे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, आणि त्यांच्याच रक्ताच्या आधारे त्यांना न विचारता काहीतरी वेगळे लिहिले गेले. त्यांनी दावा लावला, २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्ताचे नमुने त्यांनी परत आणले. तुम्ही माघ पौर्णिमेला कचारगडला जात असाल. लिंगोच्या गोष्टीची ती जागा तुमच्यासाठी काय आहे, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. सिकलसेलसाठी दिलेल्या रक्तावरून उद्या कोणी गोंडांच्या मुळाविषयी काही छापणार असेल, तर ते आधी विचारण्याचा तुमचा हक्क आहे, आणि ‘त्या कामासाठी आमचे रक्त वापरू नका’ असे कागदावर लिहून घेण्याचाही आहे.

आता सहीविषयी. कुटुंबप्रमुखाची सही पुरते, हे साफ चुकीचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रत्येक सज्ञान माणसाची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. समाजाच्या पुढाऱ्याने, सरपंचाने किंवा ग्रामसभेने परवानगी दिली तरी ती एकेका माणसाच्या संमतीची जागा घेत नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणारे मेंढा-लेखा गाव तुमच्यापासून फार लांब नाही. संशोधकांना गावात येऊ द्यायचे की नाही, हे तशा ग्रामसभेने जरूर ठरवावे, मात्र रक्तासाठी हात पुढे करायचा की नाही, हे ज्याचा त्याने ठरवायचे असते. तुमच्या पत्नीची सही तुम्ही करू शकत नाही. मोठीची आणि मुलाचीही नाही. धाकटीच्या बाबतीत तुम्हा आईवडिलांची संमती लागते, पण बारा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही लेखी घ्यावा, असे तीच तत्त्वे सांगतात. तुमच्या पत्रात मोठीचे लग्न आहे, तिचा अहवाल आहे, पण तिचे म्हणणे कोठेही नाही, हे मला वाचताना खटकले. तिला विचारले का?

तो चार पानांचा इंग्रजी कागद परत करा आणि मराठी कागद मागा. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत माहिती देणे ही त्यांची जबाबदारी आहे, आणि वाचता न येणाऱ्या माणसासमोर ती मोठ्याने वाचून दाखवताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. ज्याने तुम्हाला ‘एक सही पुरते’ असे सांगितले, तो त्यांच्यासोबतच फिरतो, तेव्हा तो साक्षीदार म्हणून चालणार नाही. शाळेतले गुरुजी किंवा बचत गटातली शिकलेली एखादी बाई बसवा. कोणत्या आचारसमितीने (एथिक्स कमिटीने) या कामाला मंजुरी दिली आणि तिच्याशी संपर्क कसा करायचा, रक्त फक्त सिकलसेलसाठी वापरणार की पुढे आणखी कशासाठी, नमुने किती वर्षे ठेवणार, नावे काढून आकडे लावणार का आणि त्या आकड्यांची यादी कोणाजवळ राहणार, हे सगळे स्वच्छ विचारा. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी दाखवायला सांगा. सही केलेल्या कागदाची प्रत घरात ठेवा. आणि उद्या मन बदलले तर माघार घेता येते, त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या उपचारात तसूभरही फरक पडू शकत नाही, हे पाचही जणांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

एक गोष्ट मात्र सहीच्या कागदात मावत नाही. जनुकांची माहिती एकट्या माणसाची नसते. तुमचा मुलगा नको म्हणाला आणि बाकीच्या चौघांनी रक्त दिले, तरी त्याच्याविषयी बरेच काही त्या नकाशात गेलेलेच असेल. पाच जणांचे रक्त शेजारी ठेवले की घरातल्या नात्यांविषयी कोणी न विचारलेली माहितीही निघू शकते, आणि ज्यावर आज उपाय नाही अशा एखाद्या आजाराची चाहूलही लागू शकते. असे काही सापडले तर ते सांगायचे की नाही, सांगायचे तर कोणाला, हे रक्त देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते. म्हणून मी म्हणते की, सह्या पाच वेगवेगळ्या असाव्यात, पण बोलणे पाचही जणांनी एकत्र बसून करावे. मुलाला फोनवर घ्या आणि त्याचा नकार कशामुळे आहे तो पूर्ण ऐका.

मोठीच्या सोयरिकीविषयी लिहिताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात मी तपासणीचे निकाल अंगणातच वाचून दाखवले. पंधरा-वीस माणसे बसली होती. एका मुलीच्या नावापुढे ‘वाहक’ आले, मी ते वाचले आणि पुढच्या नावाकडे वळले. आठवड्याभरात तिचे ठरलेले लग्न मोडले. ती मुलगी आजारी नव्हती, कधी होणारही नव्हती, पण मी ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक त्या अंगणात समजावून दिला नव्हता, आणि तिचा कागद तिच्या आधी गावाच्या हातात दिला होता. ती चूक माझी होती. त्यानंतर मी एकही निकाल दार लोटून घेतल्याशिवाय सांगितला नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या शेतकरी वस्तीच्या भागात सगळ्यांची सिकलसेल तपासणी झाली. तिथेही लग्ने घरच्यांनी ठरवलेली असत. वाहकांवर शिक्का बसला, काहींनी निकाल लपवून लग्ने केली, आणि वाहकाचे वाहकाशी लग्न होणे काही थांबले नाही. तपासणीमागे समजावणे नसले की असे होते.

तुमच्या मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झाले, तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर काही मुले तिच्यासारखी वाहक होतील. म्हणजे तिच्यात झाकण्यासारखे काही नाही, पण मुलाची तपासणी झालेली असणे आवश्यक आहे. सोयरीक जुळवताना समोरचे चार देवांचे की सहा देवांचे, हे तुम्ही चहा पिण्याच्या आधी विचारता. त्याच बैठकीत दोन्हीकडून सिकलसेलचा कागद विचारला जाऊ लागला, तर कोणा एका घराला मान खाली घालावी लागणार नाही. मुलगाही वाहक निघाला आणि दोघांनी तरीही लग्न करायचे ठरवले, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी करता येते आणि त्या तपासणीला कायद्याची मुभा आहे. स्वतःविषयी मुलाला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मात्र मोठीला ठरवू द्या. लग्नाआधी सांगितले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. आणि समाजाचे नाव खराब होईल म्हणता, तर हे ध्यानात ठेवा की मलेरियाच्या प्रदेशात ज्यांच्या अंगी या जनुकाची एक सदोष प्रत होती, ती मुले मलेरियातून अधिक तगली, म्हणून ही प्रत आपल्या जंगलपट्ट्यात टिकली आणि आफ्रिकेतही टिकली. ती कोणत्या जातीच्या हीनपणाची खूण नाही. आपल्या भागात ती आदिवासींखेरीज इतर समाजांतही भरपूर आढळते.

विम्याची आणि माहितीच्या सुरक्षिततेची काळजी मुलाने घेतली असेल, तर तीही रास्त आहे. जनुकांवरून कोणाला डावलू नये यासाठी अमेरिकेत २००८ चा स्वतंत्र कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. जनुकीय आजार म्हणून सरसकट विमा नाकारणे हा भेदभाव ठरतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे, पण निकालाला कायद्याचे बळ मिळेपर्यंत तुमचे नाव आणि तुमचा नकाशा एकत्र कोणाच्या हाती लागू नये, ही खबरदारी आपणच घ्यायची आहे.

माझे मत विचाराल तर वरच्या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि घरातल्या ज्या कोणाची मनापासून तयारी असेल, तर त्याने रक्त द्यावे. उत्तरे टाळली, घाई केली किंवा इंग्रजी कागदच पुढे सरकवला, तर पाणी देऊन त्यांना परत पाठवावे. त्यांना आणखी एक विचारा, की यातून औषध निघाले तर ते देवरीच्या दवाखान्यात कसे पोहोचेल? मी वर ज्या उपचाराचा उल्लेख केला, त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांहून अधिक. ज्यांच्या रक्तातून ज्ञान निघते त्यांच्याच मुलांना ते परवडू नये, हे मला मान्य नाही, आणि हा प्रश्न तुमच्यासारख्यांनी अंगणात बसून विचारला तर संशोधकांनाही तो सोबत न्यावा लागेल.

आता धाकटीसाठी. हा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, त्या लोकांनी तुझे रक्त नेल्याने तुझे दुखणे थांबणार नाही. त्यांनी तसे सांगितले असेल तर ते खरे नाही. तुझ्या रक्तातून जे कळेल, त्याचा उपयोग झाला तर पुढे जन्मणाऱ्या मुलांना होईल, तोही काही वर्षांनी. तुला द्यावेसे वाटले तर दे, नको वाटले तर ‘नको’ म्हण, बाबांनी सही केली असली तरी म्हण. तुझ्या दुखण्यासाठी आजच करता येण्यासारखे वेगळे आहे. बाळपणीचे जे हिमोग्लोबिन परत आणण्यासाठी ते कोट्यवधींचे उपचार केले जातात, तेच काही प्रमाणात वाढवणारी हायड्रॉक्सीयुरिया नावाची साधी गोळी आहे आणि ती सरकारी दवाखान्यातून मिळते. ती तुला सुरू आहे का, हे तुझ्या बाबांनी लिहिलेले नाही. नसेल तर या सोमवारी डॉक्टरांना विचार. असेल तर एकही दिवस चुकवू नकोस आणि ठरलेल्या दिवशी रक्तपेशींची मोजणी करून घे. कापणीच्या दिवसांत बांधावर जाशील तेव्हा पाण्याची बाटली सोबत ने, आणि संध्याकाळी गारवा पडायच्या आत घरी ये.